‘हे खरेच ख्रिस्तसभा शिकवते का?’



ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी एका घरी जपमाळ होते, मग चहा होतो आणि चहाबरोबर गप्पाही होतात. चर्चमध्ये जे प्रश्न कोणी विचारत नाही ते ह्या चहाच्या वेळी विचारले जातात, असा आमचा अनुभव आहे. अंबड तालुक्यातील एका गावी आम्ही असेच गेलो होतो, दोन फादर आणि एक सिस्टर. जपमाळ झाली, चहा झाला, मंडळी उठू लागली. साठीच्या घरातली एक बाई उंबऱ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, “फादर, बाप्तिस्मा न झालेलं लेकरू देवापाशी जातं का हो?”

प्रश्न परीक्षेतला नव्हता, हे तिच्या आवाजावरूनच कळले. आम्ही तिला पुन्हा बसवले. पस्तीस वर्षांपूर्वी तिचे पहिले बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेले. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला, म्हणजे त्या वेळी तो तसा नवाच होता. गावे लांब, रस्ते कच्चे, फादर महिन्या-दोन महिन्यांनी येणार. बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा राहिला. ज्यांना गावात सगळे मान देत अशा एका वडीलधाऱ्या माणसाने तिच्या नवऱ्याला सांगितले, “बाप्तिस्मा नाही, म्हणजे स्वर्ग नाही. ते लेकरू अंधारात राहणार. त्याला आपल्या दफनभूमीत आणू नका.” मग त्यांनी बाळाला शेताच्या बांधावर, लिंबाच्या झाडाखाली पुरले. पुढे तिला चार मुले झाली. चौघांचाही बाप्तिस्मा तिने सव्वा महिना व्हायच्या आत करून घेतला. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, सगळे गाव मेणबत्त्या आणि फुले घेऊन कबरींवर जाते. ही बाई मात्र त्या दिवशी काही ना काही कारण सांगून घरी राहते.

आम्ही तिला काय सांगितले ते आता आपल्यालाही सांगतो. ते फक्त तिच्यासाठी नाही.

बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. त्यात बदल झालेला नाही. म्हणूनच बाळ जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा करून घ्यावा, अशी आई-वडिलांना आज्ञा आहे. ‘हॉल मिळाला नाही’, ‘मामा पुण्याहून यायचे आहेत’, ‘ह्या वर्षी कापसाला भाव नाही’ म्हणून वर्ष-वर्ष बाप्तिस्मा लांबवणाऱ्या घरांनी हे नीट वाचावे. परंतु देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडले, म्हणजे स्वतःचे हात बांधून घेतले असे होत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात १२६१ व्या परिच्छेदात हा प्रश्न नाव घेऊन हाताळला आहे. बाप्तिस्म्याशिवाय मरण पावलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या करुणेच्या हाती सोपवते. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, आणि लेकरांना माझ्यापाशी येऊ द्या, अडवू नका, असे प्रभू येशू शिष्यांना रागावून म्हणाला. ह्या दोन गोष्टींवरून अशा बालकांसाठीही तारणाचा मार्ग आहे, अशी आशा आपण बाळगावी, असे तो ग्रंथ सांगतो. पुढे २००७ मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांच्या संमतीने, आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने ह्याच विषयावर एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याचाही निष्कर्ष हाच: आशा धरायला भक्कम कारणे आहेत.

भक्कम कारणे आहेत, पक्के ज्ञान नाही, असेही त्या दस्तऐवजात प्रामाणिकपणे म्हटले आहे. आम्ही बाईंना तेही सांगितले. आम्ही तिला चिठ्ठी लिहून दिली नाही की तुझे बाळ अमुक ठिकाणी आहे. देवाने जे उघड केले ते एवढे, त्यापुढे आशा, आणि ज्याच्यावर ती आशा ठेवायची तो बाप आहे, सावकार नाही. इतकेच आम्ही सांगितले. तिला तेवढे पुरले.

राहिली दफनाची गोष्ट. ज्या आई-वडिलांना बाळाचा बाप्तिस्मा करायचा होता पण बाळ आधीच गेले, त्या बाळाचा ख्रिस्ती अंत्यविधी करायला महागुरुस्वामी परवानगी देऊ शकतात. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात, ११८३ व्या कलमात, तसे लिहिलेले आहे. म्हणजे बाळाला बांधावर पुरले तेव्हाही हा कायदा अस्तित्वात होता. फक्त गावापर्यंत पोचला नव्हता.

बाई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग हे आधी का नाही सांगितलं कोणी?”

ह्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

ज्या वडीलधाऱ्यांनी ते शब्द उच्चारले त्यांना आता दोष द्यायचा नाही. त्यांनी मनाने काही रचले नव्हते. जुन्या काळी ‘लिम्बो’ नावाची एक कल्पना धर्मशिक्षणाच्या पुस्तकांतून शिकवली जात असे. बाप्तिस्मा न झालेली बालके देवाचे दर्शन घेऊ शकत नाहीत, पण त्यांना दुःखही नसते, असे त्या कल्पनेत म्हटले होते. हे ईशज्ञानी लोकांचे मत होते. ख्रिस्तसभेने त्याला श्रद्धासत्याचा दर्जा कधीही दिला नाही. आणि त्या मतातही अंधार नव्हता. परंतु पुस्तकातून फादरांकडे, फादरांकडून धर्मशिक्षकाकडे, तिथून गावातल्या ओट्यावर येता येता मताचे सत्य झाले आणि ‘दुःख नसते’ हे शब्द वाटेत गळून पडले. आईच्या कानापर्यंत पोचला तो अंधार.

आणि आम्ही? त्या गावात गेल्या पस्तीस वर्षांत किती मिस्सा झाल्या असतील, किती प्रवचने झाली असतील! प्रेम करा, क्षमा करा, दान करा हे सांगून झाले. ते सांगायलाच हवे. पण मेलेल्या बाळाचे काय होते, हे एकाही प्रवचनात आले नाही. लोकांना कंटाळा येईल म्हणून, किंवा विषय नाजूक म्हणून, किंवा आमचीच तयारी नव्हती म्हणून. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२४ मध्ये धर्मगुरूंना सांगितले होते की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका. आमच्यापैकी काहींची आठ मिनिटांत प्रस्तावनाही संपत नाही, आणि आपण ते सभ्यपणे सहन करता. पण लांबीपेक्षा मोठा दोष हा की इतके बोलूनही आपल्याला जे हवे ते बहुधा आमच्या बोलण्यात नसते.

आपण जालन्याचे लोक आहोत. बियाण्याचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. ह्याच गावात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले ह्यांनी बियाण्याचा उद्योग उभा केला, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे घेताना शेतकरी काय करतो? पक्की पावती मागतो, पिशवीवरचा लॉट नंबर पाहतो, पेरणी झाली तरी पिशवी आणि टॅग जपून ठेवतो, मूठभर बीही बाजूला काढून ठेवतो. कारण बोगस बियाण्याची पिशवीसुद्धा तितकीच चकचकीत असते. ते बोगस आहे हे पाऊस पडून दहा दिवस गेल्यावर, सऱ्या मोकळ्या दिसल्यावर कळते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, हे आपण विसरलेलो नाही. दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर बसला.

बियाण्याच्या बाबतीत इतके सावध असलेले आपण, शिकवणीच्या बाबतीत मात्र पावती मागत नाही. कोणी मोबाइलवर पवित्र मारियेचे चित्र पाठवतो, खाली लिहिलेले असते की हा संदेश बारा जणांना पाठवा, नाहीतर घरात संकट येईल. चांगली शिकलेली मुलेही तो पुढे ढकलतात. ‘कशाला उगाच विषाची परीक्षा?’ असे म्हणतात. पवित्र मारिया आपल्या लेकरांना धमकावते, हे कोणत्या शुभवर्तमानात आहे? कोणी सांगतो, अमक्या दर्शनात जगाच्या अंताची तारीख दिली आहे. ज्या दर्शनांना ख्रिस्तसभेने मान्यता दिली आहे तीसुद्धा ख्रिस्ताच्या शिकवणीत काही नवी भर घालत नाहीत, ती शिकवण जगायला मदत करतात. मग मान्यता नसलेल्यांची काय कथा!

ह्याहून गंभीर एक गोष्ट आहे. आपल्याच धर्मग्रामातील एका घरात मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या गेल्या. बाहेरून आलेल्या एका प्रार्थना करणाऱ्याने सांगितले होते की गोळी घेणे म्हणजे देवावर अविश्वास. माणूस दवाखान्यात पोचला तेव्हा पायाची जखम फार पुढे गेली होती. आणि त्या माणसाला पायापेक्षा जास्त दुःख कशाचे होते? ‘माझी श्रद्धाच कमी पडली’ ह्याचे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, अभिषेकाचा संस्कार घ्यावा, उपचारासाठी देवाला हाक मारावी. हे सारे आपण मानतो. पण लूक हा शुभवर्तमानकार स्वतः वैद्य होता, पौलाने त्याला प्रिय म्हटले आहे, आणि आपल्या जालन्यात मिशनचा दवाखाना पिढ्यान्‌पिढ्या लोकांना माहीत आहे. औषध आणि प्रार्थना ह्यांचे भांडण लावणारी शिकवण ख्रिस्तसभेची नाही. हे आम्ही वेळेवर आणि मोठ्याने सांगितले असते, तर त्या घरात त्या पाहुण्याला निदान एक प्रश्न तरी विचारला गेला असता.

रिकामी जमीन रिकामी राहत नाही. तिथे कोणीतरी काहीतरी पेरतोच.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात आठव्या अध्यायात कूशी अधिकाऱ्याची गोष्ट आहे. मोठा हुद्दा, स्वतःचा रथ, हातात यशयाचा ग्रंथ. मोठ्याने वाचतो आहे, पण अर्थ लागत नाही. फिलिप धावत रथाजवळ जातो आणि विचारतो, वाचता ते कळते का? अधिकारी लाजत नाही. कोणी समजावून सांगितल्याशिवाय मला कसे कळणार, असे म्हणून तो फिलिपला शेजारी बसवून घेतो. आमचे लक्ष नेहमी फिलिपच्या धावण्याकडे जाते. फिलिपने चर्चच्या दारात बसून वाट पाहिली नाही. पण तो अधिकारीही पाहण्यासारखा आहे. मला कळत नाही, हे तो भर रस्त्यात कबूल करतो. आपण किती वर्षे न कळलेल्या गोष्टींना ‘आमेन’ म्हणत आलो आहोत?

त्याच पुस्तकात अठराव्या अध्यायात अपुल्लो आहे. वक्तृत्व उत्तम, शास्त्राचा अभ्यास दांडगा, उत्साह भरपूर. पण बाप्तिस्म्याविषयी त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापुरतेच ठाऊक होते. (शिकवण कमी पडली तीही बाप्तिस्म्याच्याच बाबतीत, हे लक्षात घ्यावे.) त्याचे भाषण ऐकायला प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपे बसले होते. तंबू शिवून पोट भरणारी माणसे. त्यांनी त्याला भर सभेत तोंडघशी पाडले नाही आणि त्याच्या माघारी गावभर चर्चाही केली नाही. त्याला आपल्याकडे बोलावून नेले आणि देवाचा मार्ग अधिक नेमका समजावून दिला. आणि अपुल्लोने तो समजून घेतला. आमचे काही चुकले, अपुरे राहिले, तर आपणही असेच करावे अशी आमची विनंती आहे. मिस्सा संपल्यावर फाटकाबाहेर जी चर्चा होते ती कधी कधी आमच्या कानावर येते. ती फाटकाच्या आत झाली तर अधिक बरे.

लोकांनी मागितल्यावर शिकवण कशी मिळते ह्याचे एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच सांगितले आहे की नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकाने पाद्रीला विचारले: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काही द्याल की नाही? प्रश्न सरळ होता आणि थोडा बोचराही. स्टीफन्स ह्यांनी त्याचे उत्तर जवळजवळ अकरा हजार ओव्यांमध्ये, मराठीत दिले. १६१६ मध्ये रायतूर येथे तो ग्रंथ छापला गेला. देवनागरी खिळे मिळेनात म्हणून रोमन अक्षरांत छापला, पण भाषा लोकांची ठेवली. ‘लॅटिन शिका, मग कळेल’ असे त्यांनी सांगितले नाही. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी ‘सुबोध बायबल’ तयार केले ते ह्याच वाटेने. २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते देवाघरी गेले. त्यांचे बायबल आपल्यापैकी किती घरांत आहे, आणि जिथे आहे तिथे ते कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे आम्ही विचारत नाही.

आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचेही इथे ऋण मानले पाहिजे. जालन्याजवळ बेथेल ही वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी उभी केली. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस पुढे निजामाच्या मुलखात येऊन राहिला. ज्यांना गावात विहिरीवरही येऊ देत नसत त्या लोकांच्या हाती त्यांनी पुस्तक दिले. ज्याला स्वतः वाचता येते त्याला कोणी सहज फसवू शकत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

आता आपल्या अडचणीकडे येऊ. दसरा झाला. दिवाळीच्या आगेमागे आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे ऊसतोडीला जातील. उचल घेतलेली आहे, मुकादम थांबणार नाही. मग नाताळ कोपीतच, उपवासकाळ कोपीतच, आणि पाडव्याच्या सुमारास परत. ह्या घरांतली मुले आजीजवळ राहिली तर रविवारच्या धर्मशिक्षणाला येतात. आई-बापांबरोबर गेली तर पाच-सहा महिने त्यांना कोणी काही शिकवत नाही. मे महिन्यात आम्ही त्यांना घाईघाईने प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार करतो. प्रार्थना पाठ होतात. पण भाकर ख्रिस्ताचे शरीर होते म्हणजे काय, हे त्या मुलाला पुढच्या वर्षी फडात कोणी विचारले, तर त्याला दोन वाक्ये तरी सांगता येतील का? ह्या वर्षी टोळ्या निघण्यापूर्वी सिस्टर प्रत्येक घराला एक लहान वही देणार आहेत. आठवड्याला एक पान, मोठ्या अक्षरांत. वाचायला येणारे एक मूल प्रत्येक घरात आहेच. त्याने रात्री चुलीपाशी ते वाचून दाखवावे. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेत अधिकृत सेवापद म्हणून मान्यता दिली. फडातल्या त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते पद मिळणार नाही, पण काम तेच असेल.

एक गोष्ट मात्र वहीची वाट न पाहता आजच शिकून घ्या. बाळ जन्मले आणि जगेल असे वाटत नाही, फादर येईपर्यंत वेळ नाही, तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. आई, आजी, सुईण, नर्स. देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालते. ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा त्याचा हेतू हवा. साधे पाणी घ्यावे, बाळाच्या डोक्यावर तीनदा ओतावे, आणि पाणी ओतताना बाळाचे नाव घेऊन, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने ‘मी’ तुला बाप्तिस्मा देतो किंवा देते, असे म्हणावे. ‘मी’च म्हणावे, ‘आम्ही’ म्हणू नये. २०२० मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथील एका तरुण धर्मगुरूने आपल्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याचे चित्रीकरण पाहिले, तर विधी करणाऱ्याने ‘आम्ही’ म्हटले होते. रोमने नुकतेच स्पष्ट केले होते की असा बाप्तिस्मा होत नाही, कारण बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त आहे, जमलेली मंडळी नाही. त्या बिचाऱ्याला बाप्तिस्म्यापासून गुरुदीक्षेपर्यंत सगळे संस्कार नव्याने घ्यावे लागले. एक शब्द चुकला तर किती मोठे ओझे होते ते पहा. बाळ वाचले तर नंतर चर्चमध्ये आणावे, राहिलेले विधी आम्ही करू आणि नोंदवहीत नाव लिहू.

ख्रिस्तसभेच्या कायद्याचे २१३ वे कलम सांगते की देवाचे वचन आणि संस्कार आपल्या धर्मगुरूंकडून मिळणे हा भाविकांचा हक्क आहे. हक्क आहे म्हणून मागायला संकोच नको. ह्या महिन्यापासून दर रविवारी मिस्सा संपल्यावर पंधरा मिनिटे आम्ही चर्चमध्येच थांबू. कोणताही प्रश्न विचारावा. ‘हे खरेच ख्रिस्तसभा शिकवते का?’ एवढा एकच प्रश्न असला तरी चालेल. उत्तर ठाऊक असेल तर सांगू, नसेल तर विचारून पुढच्या रविवारी सांगू. ज्यांना सर्वांसमोर बोलायचे नाही त्यांनी चिठ्ठी दानपेटीशेजारच्या डब्यात टाकावी. नाव लिहिण्याची गरज नाही.

आणखी एक. येत्या २ नोव्हेंबरला दफनभूमीत कबरींना आशीर्वाद देऊन झाल्यावर आम्ही त्या बाईंच्या शेतावर, बांधापर्यंत जाणार आहोत. तिने तसे बोलावले आहे, आणि हे इथे लिहायला परवानगीही दिली आहे. आपल्या धर्मग्रामात अशी आणखीही घरे असतील. ज्यांची बालके बाप्तिस्म्याशिवाय गेली, मग ती काल गेली असोत की पन्नास वर्षांपूर्वी, त्यांनी बाळाचे नाव आणि जागा ३० ऑक्टोबरपर्यंत कार्यालयात कळवावी. आम्ही तिथेही येऊ, आणि त्या दिवशीच्या मिस्सामध्ये ही नावे इतर मृतांच्या नावांबरोबर वाचली जातील. बाळाचे नाव ठेवले नसेल, तर आईचे नाव आणि पुढे ‘बाळ’ एवढे लिहिले तरी चालेल.